आई-बाबांना जपानी हॉटेलात न्यायचं तर कुठे? वाचकांचे प्रश्न, टोकियोहून उत्तरं

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की जपानमधलं खाणंपिणं आणि शनिवार-रविवारी घरच्यांना, मित्रमंडळींना घेऊन कुठे जावं याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. प्रश्न भरपूर आले, टोकियो-योकोहामाकडचे जास्त आणि थोडे पुण्याचे. सारखे वाटले ते एकत्र केलेत. मी इथे टोकियोत संसार थाटलेली, त्यामुळे जे माहितीये आणि केलेलं आहे तेवढंच सांगते.

प्रश्न: आम्ही निशी-कासाईला राहतो. ऑक्टोबरमध्ये नाशिकहून आई-बाबा येतायत. दोघंही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मागच्या वेळी दर रविवारी इंडियन रेस्टॉरंटच झालं, तेच पनीर तोच नान. बायको म्हणते यावेळी त्यांना खरं जपानी जेवण खाऊ घालूया. माझा एक मित्र म्हणतो मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनचं), उदोन (गव्हाच्या जाड नूडल्स), सोबा (कुट्टूच्या नूडल्स) यात मांस दिसतच नाही, काही न बोलता दे, त्यांना कळणारही नाही. काय करावं?

उत्तर: आधी मित्राच्या सल्ल्याबद्दल. असं अजिबात करू नका. आई-बाबा तुमच्या भरवशावर परक्या देशात ताटावर बसतात, समोरची पाटी त्यांना वाचता येत नाही, वेटरला विचारता येत नाही, आणि आयुष्यभर जे पाळलं ते त्यांच्या नकळत तुम्ही मोडायचं हे मला तरी पटत नाही. खायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आपण फक्त खरं सांगायचं. काही जणांचे आई-बाबा ऐकून घेतात आणि म्हणतात मांसाचा तुकडा नाही ना मग चालेल, काही म्हणतात नको बाबा. दोन्ही ठीक आहे.

आता खरं काय ते. अडचण आहे ती दाशीची. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पायाच, आपल्याकडे जशी फोडणी. कोम्बू म्हणजे समुद्रातलं एक शेवाळ आणि कात्सुओबुशी म्हणजे बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवून त्याचे किसलेले पापुद्रे, या दोन्हींचं पाणी. मिसो सूपमध्ये हे असतं, उदोन-सोबाच्या रश्शात असतं, थंड सोबाबरोबर बुडवायला देतात त्या त्सुयुमध्ये असतं, उकडलेल्या भाज्यांतही असतं. म्हणून हॉटेलात जाऊन "आम्ही व्हेज" एवढंच म्हटलं तर स्टाफ मनापासून मदत करतो, वरचे मांसाचे तुकडे काढून देतो आणि रस्सा तोच राहतो. त्यांची चूक नाही, बहुतेकांच्या डोक्यात दाशी हा मासा नसतोच.

तर व्हेज शब्दावर थांबू नका, काय काय चालत नाही ते नाव घेऊन सांगा. "निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेमासेन." मांस, मासे, अंडं खात नाही, बोनिटोची दाशीपण नाही. हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला, म्हणजे जेवणाची गर्दी ओसरल्यावर, हॉटेलला फोन करा. रविवारी साडेबाराला दारात रांग लागलेली असताना काउंटरवर उभं राहून दाशीची चर्चा सुरू केली तर त्यांनाही जमत नाही आणि आपल्यालाही अवघडल्यासारखं होतं.

अजून एक, हे फार कमी लोक सांगतात. फॅमिली रेस्टॉरंटच्या साखळ्यांमध्ये ॲलर्जीचा तक्ता मिळतो, वेबसाइटवरही असतो. त्यात अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणे, अक्रोड, कोळंबी, खेकडा हे असतंच, बऱ्याच ठिकाणी बीफ, पोर्क, चिकन, जिलेटिनही असतं. अंड्यासाठी हा तक्ता अगदी कामाचा. पण बोनिटो त्या यादीत येतच नाही, त्यामुळे सगळे रकाने कोरे दिसले म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असं धरून चालू नका.

मग जायचं कुठे? माझं मत विचाराल तर पहिल्या रविवारी जेवायला नेऊच नका, कानमिदोकोरोला न्या, म्हणजे जपानी गोडाचं आणि चहाचं दुकान. तिथे अनमित्सु मागवा, म्हणजे जेलीचं एक गोड. त्यातली जेली कांतेनची असते, कांतेन समुद्री शेवाळापासून बनतं, जिलेटिन नाही. वर लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण, फळं, काळ्या गुळाचा पाक. वाराबीमोची (मऊ, लवचिक वड्या), डांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे), झेनझाई (गरम गोड अझुकीत मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा गोळा) हेही बघा. नाशिकच्या माणसाला पुरणाची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि शांत जागा, हातात गरम चहा, वेटर वाकून नमस्कार करतेय, हे सगळं पहिल्याच दिवशी धास्ती न बाळगता मिळतं. मोची मात्र चिकट असते, बाबांची कवळी असेल तर छोटे तुकडे करून द्या, इथे दर नवीन वर्षाला म्हाताऱ्या माणसांच्या घशात मोची अडकल्याच्या बातम्या येतात.

मग जेवणासाठी शोजिन र्‍योरी. बौद्ध मठातलं जेवण, मांस-मासे नाहीत, दाशी कोम्बू आणि वाळलेल्या शिताके मशरूमची, आणि परंपरेप्रमाणे कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाईंनाही चालेल असं जेवण जपानमध्ये शेकडो वर्षं चालत आलंय हे आई-बाबांना सांगा, त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच तिथेच निम्मा कमी होतो. गोमा-दोफू म्हणजे तीळ आणि कुझूच्या पिठाची मऊ वडी, युबा म्हणजे सोयाबीनच्या दुधावरची साय, असं एकेक छोट्या वाटीत येतं. पण हल्लीच्या काही हॉटेलांत नाव शोजिन असूनही थोडं इकडेतिकडे करतात, म्हणून बुकिंग करताना दाशीचं विचाराच.

घाईच्या दिवशी टोकियो स्टेशनच्या गेटच्या आत टीज तानतान हे हॉटेल आहे, तिथे सगळं रामेन (रश्शातल्या नूडल्स) वीगन, आई-बाबांना वाफाळता रामेनचा वाडगा निर्धास्त देता येतो. कोको इचिबान्या या करी-भाताच्या साखळीच्या बऱ्याच शाखांमध्ये प्राण्यांपासूनचं काही न घातलेला करी सॉस वेगळा मिळतो, मागताना तो सॉस हवाय हे स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचा येतो. आणि कुठेच काही जमलं नाही तर एदामामे (उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा), साधा भात, काकडीची काप्पामाकी (सुशीचा रोल), थंड तोफू. तोफूवर कात्सुओबुशी भुरभुरून देतात तर "कात्सुओबुशी नुकी दे" म्हणायचं. भाज्यांचा तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, आई-बाबांसाठी सुचवत नाही कारण पिठात बहुतेक ठिकाणी अंडं असतं आणि तेल कोळंबी तळलेलंच.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात, मुलगा चार वर्षांचा, नवऱ्याला डोंगर हवेत आणि मला निवांत बसायला हवंय. एका दिवसात जाऊन येण्यासारखं एक ठिकाण सांगा, ताकाओ की कामाकुरा?

उत्तर: दोन्हींना जा पण वेगवेगळ्या कारणासाठी.

ताकाओ डोंगर ५९९ मीटर, शिंजुकूहून केइओ लाइनने पाऊण-एक तासात ताकाओसानगुची. आईंसाठी केबल कार आहे, दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, सगळ्यात चढाच्या ठिकाणी ३१ अंशांच्या वर, जपानमधली सगळ्यात चढी केबल कार, चार वर्षांच्या पोराला तर तीच सहल. नवऱ्याला खालून चालत पाठवा आणि तुम्ही वर भेटा. वरच्या स्टेशनजवळ भाजलेले डांगो मिळतात, बसायला बाकं आहेत, हवा स्वच्छ असेल तर शहर दिसतं. तिथून याकुओइन मंदिराकडे रस्ता पक्का आहे पण मंदिरात पायऱ्या आहेत, आईंना जेवढं झेपेल तेवढंच. मंदिर इसवी सन ७४४ मधलं, आणि तिथे शोजिन र्‍योरी मिळते, आधी बुकिंग करून. म्हणजे आई शाकाहारी असतील तर डोंगर, देऊळ आणि जेवण एका जागी. वाटेवरच्या दुकानांतला तोरोरो सोबा प्रसिद्ध आहे, किसलेल्या याम या कंदाच्या चिकट रसाचा, पण रस्सा दाशीचा. आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून पानं लाल होतात तेव्हा शनिवार-रविवारी ताकाओला जाऊ नका, केबल कारलाच इतकी रांग लागते की आई-मुलगा दोघंही तिथेच थकतात. त्या दिवसांत शुक्रवारी रजा टाका.

कामाकुराला टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाइनने तासाभरात. तिथून एनोदेन ही छोटीशी गाडी, घरांच्या मागच्या अंगणातून आणि मग समुद्राच्या कडेने जाते, सगळी लाइन मिळून १० किलोमीटर. हासे स्टेशनला उतरून कोतोकुइनचा मोठा बुद्ध चालत आठ-दहा मिनिटं, रस्ता सपाट. कांस्याची मूर्ती, ११ मीटरच्या वर, तेराव्या शतकातली. पूर्वी भोवती देऊळ होतं, ते गेलं आणि बुद्ध उघड्यावर बसून राहिला तो पाचशे वर्षं. मूर्तीच्या आत जाता येतं, चार वर्षांच्या मुलाला ते फार आवडतं. मग समुद्रावर जा, तुम्हाला निवांत बसायचंय ते तिथे. पण एक सांभाळा, किनाऱ्यावर घारी आहेत आणि त्या मागून झडप घालून हातातलं खाणं उचलतात, लहान मुलाच्या हातात उघडं सँडविच देऊन वाळूत बसवू नका. खाणं छपराखाली खा, समुद्रावर नुसतं बसा. आणि एनोदेन वीकेंडला दुपारी खचाखच असते तर सकाळी नऊच्या आत पोचायचं बघा.

गाडीभाड्याचं, सहा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर तिकीट लागत नाही, सहा ते अकरा अर्धं.

आणि ज्या रविवारी कुणालाच लांब जायचा उत्साह नसतो, तेव्हा कासाई रिंकाई पार्क. ११७ मीटर उंच पाळणा, समुद्र, आणि मत्स्यालयात ट्यूना माशांचा थवा गोल गोल फिरत असतो, आजीला बाकावर बसून अर्धा तास बघता येतो. बुधवारी मत्स्यालय बंद.

प्रश्न: मुलांना फिरत्या पट्ट्याची सुशी हवी असते दर शनिवारी. नवरा मालवणचा, मासा म्हटलं की तयार, पण कच्चा मासा बघून तोही मागे सरतो. मी अंडं खाते, मासे नाही. पैसे वाया जातील असं वाटतं.

उत्तर: नाही जात, उलट वेगवेगळं खाणाऱ्या कुटुंबासाठी याच्याइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही. प्रत्येकाने आपापली बशी घ्यायची, कुणी कुणासाठी अडत नाही. ही पद्धत १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी नावाच्या सुशीवाल्याने सुरू केली, बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या जाताना बघून त्याला हे सुचलं. सुशी तोवर बसून खायची महागडी गोष्ट होती, ती साध्या नोकरदार कुटुंबाच्या आवाक्यात आली ती यामुळे, म्हणून मला ही हॉटेलं मनापासून आवडतात.

आता पट्ट्यावर बशा फिरत असतातच असं नाही. २०२३ मध्ये काही पोरांनी सामायिक बाटल्या चाटल्याचे व्हिडिओ पसरले, त्यानंतर बऱ्याच साखळ्यांनी ऑर्डर केलेलंच टेबलापर्यंत पाठवायचं ठेवलं. समोर टच पॅनेल असतं, त्यात इंग्रजी करता येतं. मुलांना तेच जास्त आवडतं. कुरा सुशी या साखळीत तर रिकाम्या पाच बशा टेबलाच्या खाचेत टाकल्या की स्क्रीनवर खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर वरून खेळण्याचा गोळा पडतो.

तुमच्यासाठी तामागो म्हणजे अंड्याच्या गोडसर वडीची सुशी (त्यात दाशी असते, चालत असेल तर), काकडीची काप्पामाकी, कॉर्न, नात्तो (आंबवलेलं सोयाबीन), बटाट्याचे फ्राइज. इनारी म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात, गोडसर, मुलांना हमखास आवडते पण ती पिशवीही बहुधा दाशीत शिजवलेली असते. नवऱ्याला कच्च्यापासून सुरुवात करायची गरजच नाही. आधी वरून आच दिलेली सामन, मग वाफवलेली कोळंबी, मग अनागो, म्हणजे शिजवलेली समुद्री वाम. आणि त्यांना खरं खूश करायचं तर सुशी सोडून एखाद्या दिवशी तेइशोकुच्या, म्हणजे जपानी थाळीच्या हॉटेलात न्या, तिथे साबा शिओयाकी मागवा, मीठ लावून भाजलेला साबा, आपल्या बांगड्याच्या जातकुळीतलाच मासा, बरोबर भात, लोणचं, किसलेला मुळा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सानमा हा मासा येतो, तो अख्खा डोक्यासकट भाजून. मालवणच्या माणसाला काटे काढायला शिकवावं लागत नाही, आणि जपानी शेजारी ते कौतुकाने बघतात.

लहान मुलांना कच्चा मासा साधारण तीन वर्षांपर्यंत इथले आईबापही देत नाहीत, आपणही देऊ नये. टेबलावरचा नळ उकळत्या पाण्याचा असतो, चहासाठी, मुलं हात धुवायला जातात, तर मुलांना त्या बाजूला बसवू नका. आणि शनिवारी ॲपवरून नंबर लावून मगच घरातून निघा.

प्रश्न: ऑफिसातले जपानी मित्र शुक्रवारी इझाकायाला, म्हणजे खाण्यापिण्याच्या जपानी बारमध्ये बोलावतात. मी पीत नाही, शाकाहारी आहे. दोन-चारदा टाळलं, आता वाईट वाटतं. बिल सगळ्यांत सारखं वाटतात म्हणे.

उत्तर: जा. न पिणाऱ्याला इथे हल्ली कुणी आग्रह करत नाही, ऊलोंग चहा मागवा आणि कांपाईला, म्हणजे चिअर्सला, तोच ग्लास उचला. २०२० च्या एप्रिलपासून हॉटेलात आत सिगरेट बंद आहे, काही छोट्या जुन्या जागा सोडल्या तर, त्यामुळे पूर्वीसारखे कपडे धुराने भरत नाहीत.

बसल्याबसल्या एक छोटी वाटी येते, न मागता. ती ओतोशी, माणशी साधारण ३०० ते ५०० येन बिलात लागतात, बसण्याचेच पैसे समजा, त्यावर वाद घालू नका. त्यात मासा असेल तर शेजाऱ्याला द्या.

बिलाचं, आयोजकाला आधीच मेसेज करा की मी पीत नाही आणि मांस-मासे खात नाही, बाकी तुम्ही ठरवाल तिथे येतो. बहुतेक वेळा तो स्वतःच न पिणाऱ्याचे पैसे कमी धरतो. नोमिहोदाई म्हणजे दोन तास हवं तेवढं प्या असा कोर्स असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यांना तोच घ्यावा लागतो, मग गप्पांचे पैसे आहेत असं समजून द्यावेत असं मला वाटतं. निघण्याआधी घरी पोटभर खाऊन जा, तिथे एदामामे, फ्राइज, कोबी-मिसो, भाजलेला मका यावर दोन तास निघतात. गाडी चालवत आलेला मित्र असेल तर त्याला एक घोटही नको. इथे पिऊन चालवणाऱ्याबरोबर दारू देणाऱ्यालाही शिक्षा होते, आणि तो प्यायलाय हे माहीत असून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही.

प्रश्न: बाबांना देवळं, बागा यात रस नाही, इतिहास म्हटलं की डोळे चमकतात. नॉनव्हेज खातात. एक रविवार त्यांच्यासाठी काढायचाय.

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. त्यांना शिंजुकूला नाकामुरायामध्ये न्या. १९१५ साली रासबिहारी बोस इंग्रजांच्या हातून निसटून जपानला आले, जपान सरकारने देश सोडायचा हुकूम काढला, तेव्हा नाकामुराया या बेकरीच्या मालक सोमा दांपत्याने त्यांना दुकानामागच्या घरात लपवलं. पुढे १९१८ मध्ये त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, रासबिहारींचं लग्न झालं. ती १९२५ मध्ये गेली. आणि १९२७ मध्ये दुकानात खाण्याचा विभाग सुरू झाला तेव्हा रासबिहारींनी तिथे आपल्या पद्धतीची करी आणली, कारण जपानमध्ये तोवर इंग्रजांच्या वाटेने आलेली पिठाळ करीच मिळायची आणि ती त्यांना भारताची म्हणून मान्य नव्हती. ती हाडासकट चिकनची करी आजही तिथे मिळते. स्वातंत्र्यासाठी घर सोडलेल्या माणसाने परक्या देशात आपल्या जेवणाची बाजू मांडली आणि ती जवळजवळ शंभर वर्षं टिकली, हे बाबांना त्या टेबलावर बसूनच सांगा. रविवारी दुपारी गर्दी असते, अकराच्या सुमाराला पोचा.

जेवून झालं की शिंजुकूहूनच मारुनोउची लाइन, चार स्टेशनं, हिगाशी-कोएन्जी. तिथून थोडं चालून रेंकोजी हे छोटंसं देऊळ. नेताजींच्या म्हणून सांभाळलेल्या अस्थी इथे आहेत, आवारात त्यांचा अर्धपुतळा आहे. नेहरू १९५७ मध्ये इथे येऊन गेले, वाजपेयी २००१ मध्ये. आतला गाभारा रोज उघडा नसतो, पण पुतळ्यापुढे उभं राहता येतं. वस्तीतलं देऊळ आहे, आजूबाजूला लोकांची घरं आहेत, तर हळू बोला. बाबांना तिथे घाई करू नका, त्या दिवशी दुसरं काही ठरवूच नका.

प्रश्न: आम्ही चार कुटुंबं, मुलं धरून चौदा जण. कुणी जैन, कुणी सगळं खातं. एकत्र जेवायला जायचं म्हटलं की भांडणं.

उत्तर: वीकेंडला चौदा जणांना एकत्र टेबल मिळणंच अवघड, तर हॉटेलचा हट्ट सोडा. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जे खाण्याचं मार्केट असतं, देपाचिका, तिथे सगळे एकत्र जा, प्रत्येकाने आपापला बेंतो (जेवणाचा डबा), सुशी, सॅलड, गोड घ्यावं आणि बागेत सतरंजी टाकून बसा. जैन कुटुंबाने घरून ठेपले-पुऱ्या आणल्या तरी कुणाला वेगळं वाटत नाही. बाहेर नेलेल्या खाण्यावर टॅक्स ८ टक्के, हॉटेलात बसून १० टक्के, चौदा जणांत तोही फरक पडतो. शिंजुकू ग्योएन सुंदर आहे, मोठ्यांना ५०० येन तिकीट, पण आत दारू चालत नाही आणि गेटवर पिशव्या बघतात. एदोगावात राहत असाल तर कोमात्सुगावाला अराकावा नदीच्या काठाने साकुराची, म्हणजे चेरीच्या फुलांची झाडं आहेत, मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला तिथेच बसा. कचरा सगळा घरी न्यायचा, त्यासाठी मोठ्या पिशव्या आठवणीने घ्या. मराठी माणसांचा घोळका उठून गेल्यावर तिथलं गवत जसंच्या तसं दिसलं पाहिजे, याबद्दल मी फार आग्रही आहे.

प्रश्न: आम्ही पुण्यात. लेकीचा वाढदिवस तिच्या हट्टाने जपानी रेस्टॉरंटमध्ये करतोय. आजी शाकाहारी. भारतात तरी व्हेज सुशी म्हणजे व्हेजच ना?

उत्तर: सुशी बहुतेक हो, ॲव्होकाडो, काकडी, शतावरी, चीज असं असतं. पण मिसो सूप, रामेनचा रस्सा आणि तेंपुराबरोबरची बुडवायच्या रसाची वाटी याबद्दल विचारा, प्रश्न एकच, स्टॉकमध्ये बोनिटो आहे की फक्त कोम्बू. चांगल्या ठिकाणचा शेफ नीट उत्तर देतो आणि कोम्बूवर वेगळं करूनही देतो. मेयोनीजमध्ये अंडं आहे का तेही. बशीतला हिरवा गोळा वासाबी आहे, आजींना चटणी वाटते, आधी सांगा. आणि सकाळी लेकीला सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात न्या, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, तळ्यातले रंगीत मासे बघून मग जेवायला गेलात तर तिचा सगळा दिवस जपानचा होईल.

प्रश्न: टीप किती द्यायची? आणि सासूबाईंना चॉपस्टिक जमत नाहीत, हाताने खाल्लं तर लोक बघतील का?

उत्तर: टीप द्यायची नाही. टेबलावर पैसे ठेवून आलात तर मुलगी रस्त्यावर धावत येऊन परत देते. निघताना "गोचिसोसामा देशिता" म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार, तेवढं पुरतं.

हाताने खुशाल खाऊ द्या, निगिरी सुशी (भाताच्या छोट्या गोळ्यावर मासा) हाताने खाणं ही इथलीच जुनी पद्धत आहे, ओनिगिरी (भाताचा मोठा गोळा) हीही हातानेच. त्यासाठी तर आधी ओला गरम रुमाल देतात. भात-करीला चमचा मिळतोच, बाकी पदार्थांना काटा मागितला तर आणून देतात. फक्त दोन गोष्टी सासूबाईंनाही आणि मुलांनाही सांगून ठेवा. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, मेलेल्या माणसापुढे ठेवलेल्या भातात तशा खोचतात. आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. सासूबाई नातवाला काही भरवायला गेल्या तर घास सरळ त्याच्या ताटात ठेवायला सांगा.